साठीनंतर दंडात बळ यावं म्हणून: घरच्या घरी करायचे हातांचे व्यायाम

"दिवसभर हातच तर चालतात आमचे, अजून वेगळा व्यायाम कशाला?" लातूरपासून हिंगोलीपर्यंत कुठल्याही वट्ट्यावर बसा, साठीतल्या बायकांकडून हे ऐकू येणारच. प्रश्न रास्त आहे, त्यामुळे आधी त्याचंच उत्तर देते.

आपल्या आईच्या वेळचं काम आठवा. पहाटे जातं, मग उखळात मुसळ, आडावरून पाणी शेंदणं, नंतरच्या काळात हापसा. मुसळ डोक्याच्या वर जायचं. हापशाचा दांडा खाली दाबताना दंडाची मागची बाजू कामाला लागायची. ते दिवस परत यावेत असं कुणालाच वाटत नाही, त्या कामांनी किती जणींच्या कमरा गेल्या हे आपण पाहिलंय. पण गिरणी, मिक्सर आणि पाण्याची मोटर आल्यावर हातांना जे काम उरलं ते बघा: भाकरी थापणं, धुणं, झाडणं, निवडणं, भांडी. सगळं हलकं, सगळं छातीच्या खाली आणि शरीराच्या पुढे. हजार वेळा केलं तरी वजन तेवढंच. अशा कामाने हात दमतात, त्यांना चिवटपणाही येतो, ताकद मात्र वाढत नाही. ताकद वाढायला स्नायूला सवयीपेक्षा थोडं जास्त ओझं द्यावं लागतं. ते मोजक्या वेळा उचलायचं, मग विश्रांती, आणि काही आठवड्यांनी ओझं पुन्हा थोडं वाढवायचं. पुढे जे काही सांगणार आहे ते एवढ्याच गोष्टीभोवती आहे.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकवतो, म्हणून उतारवयात मनगट मोडण्याचं प्रमाण बायकांत जास्त दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांमध्ये ६५ वर्षांपुढच्या माणसांसाठी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. चालणं वेगळं, ते याच्या जोडीला हवंच.

दंड बारीक होतील का?

बहुतेक जणी खरं तर याच कारणाने व्यायामाकडे वळतात. झंपर दंडात घट्ट होतो, हात वर केला की मागचं मांस लोंबतं, लग्नातल्या फोटोत ते नेमकं दिसतं. म्हणून खरं काय ते आधीच सांगून टाकते. हाताचा व्यायाम केला म्हणून फक्त हाताची चरबी जात नाही. चरबी उतरते ती सगळ्या अंगाची, आणि आधी कुठून उतरेल हे आपल्या हातात नसतं. सैल पडलेली कातडीही पूर्ण ताणली जात नाही.

मग बदलतं काय? दंडाच्या मागच्या बाजूला ट्रायसेप्स नावाचा स्नायू असतो. कोपर सरळ करणं हे त्याचं काम, आणि दंडातल्या एकूण स्नायूंचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग याचाच असतो. घरकामात त्याला फारसा जोर लावावा लागत नाही, म्हणून तो सुकतो आणि वरची चरबी-कातडी लोंबायला लागते. तो भरला की दंड भरीव लागतो, आकार सुधारतो. झंपराच्या बाहीचं माप कमी होईलच असं नाही. पलंगावरून किंवा न्हाणीतल्या पाटावरून हात टेकून उठणं मात्र सोपं होतं, आणि माझ्या मते खरी कमाई तीच आहे. दंड बारीक करणारे पट्टे, मलम, घाम काढणाऱ्या बाह्या यांच्यावर पैसे घालवू नका. तेवढ्या पैशात महिनाभराचे शेंगदाणे आणि दही येतं.

आधी डॉक्टरांना कुणी विचारायचं

हृदयविकार किंवा अँजिओप्लास्टी झालेली असेल, रक्तदाब गोळ्या घेऊनही आटोक्यात नसेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, गेल्या काही महिन्यांत हाताचं किंवा मनगटाचं हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नका. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांनी तर नक्की विचारावं. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, त्यामुळे वजन फार हळू वाढवावं लागतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत वाकून काही उचलायचं नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको. गुळाचा खडा किंवा साखर जवळ ठेवा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला की थांबून खायचं.

व्यायाम करताना छातीत दुखलं, दाबल्यासारखं झालं, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, एकाएकी दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा आणि घरच्यांना हाक मारा. "पित्त झालं असेल" म्हणून ओवा खाऊन पडून राहायचं नाही, दवाखाना गाठायचा.

खांदा आखडलेल्यांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण मधुमेह असलेल्या बायकांत हे फार दिसतं. वेणी घालायला हात डोक्यामागे जात नाही, पाठीमागचा हूक लावता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, अशी लक्षणं असतील तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. दुखणं जोरात असताना वजनाचे व्यायाम करायचे नाहीत. भिंतीवर बोटं चढवत नेणं, पुढे वाकून हात सैल सोडून हळूच झुलवणं, एवढंच, आणि तेही फिजिओथेरपिस्टला दाखवून. नातेवाईक "ओढून मोकळा करतो" म्हणाले तर हात त्यांच्या हाती देऊ नका.

सामान आणि जागा

डंबेल विकत घ्यायची गरज नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो. तीच बाटली कोरड्या वाळूने भरली तर साधारण पाऊण किलोच्या वर जाते. मधे थोडी निमुळती, मुठीत नीट बसणारी बाटली निवडा आणि झाकण घट्ट लावा. तांब्या किंवा कळशी वापरू नका, धरायला निसरडी असते आणि सगळा भार बोटांवर येतो. याहून जास्त वजनासाठी कापडी पिशवीत किलो-दोन किलो ज्वारी बांधली की झालं. पिशवीचे बंद तेवढे आधी ओढून बघा.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी हवी, हात असलेली, आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली. प्लास्टिकची खुर्ची या कामाला अजिबात नको. हातांवर भार दिला की तिचे पाय फाकतात, आणि शहाबादी फरशीवर ती घसरते. फरशी कोरडी असू द्या. पायमोजे काढा, अनवाणी पाय जास्त घट्ट रोवतात.

पदर कमरेला खोचा, निऱ्या घोट्याच्या वर घ्या. गाऊन किंवा पंजाबी ड्रेस घातला तर उत्तम, पण साडीत व्यायाम होत नाही असं काही नाही. काचेच्या बांगड्यांचं मात्र बघावं लागतं. बाटली मनगटाशी आपटली तर बांगडी फुटते, हात कापतो. काढायच्या नसतील तर त्या वर सरकवून त्यावर जुन्या स्वेटरची बाही किंवा रुमाल बांधा.

वेळ कुठलीही चालते, फक्त जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत उरकायचं, पत्र्याच्या खोलीत दुपारी मुळीच नाही. आधी आणि नंतर पाणी प्यायचं.

सुरुवातीला एकदा मोजून घ्या

ज्येष्ठांसाठी परदेशात तयार झालेली एक साधी चाचणी आहे. खुर्चीत ताठ बसून, नेहमीच्या हातात पाच पौंड म्हणजे साधारण सव्वादोन किलो वजन घ्यायचं. हात खाली सरळ सोडायचा, कोपरात पूर्ण वाकवून वजन खांद्याकडे आणायचं, पुन्हा सरळ करायचा. ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजायचं. तिथल्या बायकांमध्ये ६० ते ६४ वयात साधारण १३ ते १९, ६५ ते ६९ मध्ये १२ ते १८ आणि ७० ते ७४ मध्ये १२ ते १७ वेळा जमणं नेहमीचं धरतात. आकडे अमेरिकेतले आहेत, त्यामुळे ते बघून खट्टू होऊ नका. आपला आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि स्वतःशीच ताडून बघा. पिशवीत सव्वादोन किलो ज्वारी घेऊन ही चाचणी घरी होते. वजन झेपत नसेल तर एक किलोने करा आणि पुढच्या वेळीही एकच किलो घ्या.

अंग मोकळं करणं

पाच मिनिटं पुरतात. जागच्या जागी पाय उचलत चाला आणि हात हलवा. खांदे कानाकडे उचलून मागे फिरवा, दहा वेळा. मग भिंतीकडे तोंड करून बोटं वर चढवत न्या, जिथे खांदा "बास" म्हणेल तिथे थांबा. मनगटं दोन्हीकडून फिरवा. थंडीत, संक्रांतीच्या आसपास, याला दोन-तीन मिनिटं जास्त द्या.

व्यायाम

सगळ्यांसाठी एक नियम: कुंथायचं नाही. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम वर जातो. याला सोपा उपाय म्हणजे आकडे मोठ्याने मोजायचे. तोंडाने "एक, दोन" चालू असेल तर श्वास रोखताच येत नाही. उचलताना दोन आकडे, खाली आणताना तीन. खाली आणणं हळू हवं, अर्धा फायदा तिथेच आहे. बाटली सोडून दिल्यासारखी खाली आली तर तेवढा व्यायाम फुकट गेला.

*भिंतीवरचे जोर.* वेळ कमी असेल तर दुसरं काही नको, एवढे करा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, मग अर्धं पाऊल मागे. तळवे छातीच्या उंचीला, खांद्यांपेक्षा थोडे रुंद. टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून कोपरं वाकवत नाक भिंतीजवळ न्यायचं आणि ढकलून परत यायचं. दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे कंबर मागे राहते आणि नुसतं डोकं पुढे जातं. दुसरी, कोपरं बाजूला पंखासारखी फाकतात आणि खांदा दुखायला लागतो. कोपरं थोडी खाली, बरगड्यांकडे झुकलेली ठेवा. चुना दिलेल्या जुन्या भिंतीवर तळवे घसरतात. तिथे कडी लावलेलं मजबूत दार चालतं, पण ते आपल्याकडे उघडणारं हवं, म्हणजे ढकललं तरी हलणार नाही. आठ वेळा करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा आठ.

मनगट दुखत असेल तर पाय भिंतीच्या थोडे जवळ घ्या, भार कमी होतो. भिंतीवर सलग पंधरा सहज व्हायला लागले की स्वयंपाकघराच्या ओट्यावर या. गॅस बंद, ओटा कोरडा, तळवे कडेवर. अंग जास्त तिरपं झाल्यामुळे ओझं वाढतं आणि वजन विकत न घेता पुढची पायरी मिळते. जमिनीवरच्या जोरांपर्यंत जायची गरज बहुतेकींना पडत नाही.

*खुर्चीवरून हातांनी उठणं.* खुर्चीच्या पुढच्या भागात बसा, तळवे खुर्चीच्या हातांवर. पाय जमिनीवर पक्के. आता हातांनी दाबत कोपरं सरळ करायची, म्हणजे बैठक दोन-चार बोटं वर उचलली जाते. पायांची मदत घ्या, पण लागेल तेवढीच. तीन आकड्यांत खाली या. सुरुवातीला पाच वेळा झालं तरी छान. खुर्चीला हात नसतील तर घट्ट गादीच्या पलंगाच्या कडेवर, तळवे मांड्यांशेजारी टेकवून करता येतं. व्हिडिओंमध्ये खुर्चीच्या पुढे लोंबकळून, हात पाठीमागे ठेवून खाली-वर जायचा प्रकार दाखवतात, तो करू नका. खांद्याचा सांधा त्यात फार मागे ताणला जातो आणि या वयात तिथेच दुखणं धरतं.

*दंडाची मागची बाजू.* टेबलाला किंवा ओट्याला एक हात टेकून कमरेतून थोडं पुढे झुका, पाठ सरळ. दुसऱ्या हातात अर्ध्या लिटरची बाटली. कोपर वाकवून दंड बरगड्यांच्या बाजूला उचलून धरा, जमिनीला समांतर. आता फक्त कोपराखालचा हात मागे सरळ करायचा, एक क्षण थांबायचं, परत आणायचं. दंड जागचा हलायला नको. हात झुलायला लागला तर वजन जास्त होतंय, बाटली अर्धी रिकामी करा. दुसऱ्या हाताने दंडामागे चाचपून बघा, सरळ करताना तिथे गोळा कडक झाला की व्यायाम बरोबर होतोय.

कंबर दुखणाऱ्यांनी हाच व्यायाम उताणं झोपून करावा. हात छताकडे सरळ, दुसऱ्या हाताने त्याच्या कोपराला आधार, मग कोपर वाकवून मूठ कानाच्या बाजूला आणायची आणि पुन्हा सरळ. यात वजन डोक्याजवळ येतं, म्हणून बाटलीऐवजी अर्ध्या किलोची तुरीच्या डाळीची पुडी घ्या. सुटली तरी लागत नाही.

*पुढची बाजू.* हा सगळ्यांना माहीत असलेला व्यायाम, बाटली घेऊन कोपर वाकवायचं. कोपर अंगाला चिकटलेलं, मनगट सरळ, अंग मागे न झुकवता. दहा वेळा. आपल्या बायकांचा हा स्नायू इतरांपेक्षा बरा असतो, बादल्या-कळश्या उचलून उचलून. त्यामुळे त्याच्यावर फार वेळ घालवू नका.

*ओढण्याचा व्यायाम.* सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. भाकरी, शिवणकाम, मोबाइल, सगळ्यात खांदे पुढे येतात आणि पाठीला पोक येतो. एक गुडघा आणि एक हात पलंगावर टेका, किंवा नुसता हात टेकून पुढे झुका. दुसऱ्या हातात किलोभर ज्वारीची पिशवी, खाली लोंबलेली. आडातून पोहरा शेंदताना कोपर जसं मागे जायचं, तसं कोपर वर-मागे ओढा आणि पाठीचं फऱ्याचं हाड मणक्याकडे दाबलं जातंय का ते बघा. हळूच खाली. दोन्ही बाजूंनी आठ-आठ. बाकीच्या व्यायामांपेक्षा यात वजन लवकर वाढवता येतं, कारण पाठीचे मोठे स्नायू मदतीला असतात.

सायकलची जुनी ट्यूब कापून खिडकीच्या गजाला अडकवूनही हा व्यायाम होतो. ट्यूबला चिरा नाहीत ना, हे दर वेळी ताणून बघा, आणि तोंड तिच्या रेषेत ठेवू नका.

*खांदे.* खुर्चीत बसून पाव लिटरच्या बाटल्या, अंगठे वर, हात बाजूला पण थोडे पुढच्या अंगाला ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. त्याच्या वर नाही. आठ वेळा. खांदे अगदी निरोगी असतील तर बाटल्या कानाजवळून सरळ वर ढकलायच्या, फडताळाच्या वरच्या खणात डबा ठेवतो तशा. खांद्यात कटकट होऊन दुखत असेल तर हा दुसरा भाग सोडून द्या, त्यावाचून काही अडत नाही.

*मूठ.* टॉवेल ओला करून दोन्ही दिशांनी पिळणं, दहा वेळा. धुणं मशीनमध्ये गेलं तिथे मुठीचं बळही गेलं. बरणीचं झाकण उघडायला नातवाला हाक मारावी लागत असेल तर हा व्यायाम चुकवू नका. संधिवाताने बोटं सुजलेली असताना मात्र थांबा.

आठवडा कसा बसवायचा

पहिले दोन आठवडे फक्त भिंतीवरचे जोर, खुर्ची आणि ओढण्याचा व्यायाम. प्रत्येकाची एकच फेरी, आठवड्यातून दोन दिवस, समजा सोमवार आणि गुरुवार. यातच "हे काय, काहीच झालं नाही" असं वाटेल, वाटू द्या. तिसऱ्या आठवड्यापासून बाकीचे व्यायाम आणि दुसरी फेरी. महिन्यानंतर अंग मानवलं तर तिसरा दिवस. लागोपाठ दोन दिवस करायचं नाही, स्नायू भरतो तो मधल्या विश्रांतीच्या दिवशी. एकूण वेळ पंचवीस-तीस मिनिटांच्या वर जात नाही.

वजन कधी वाढवायचं? ठरलेल्या मोजणीतले शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, पण हात वेडावाकडा न होता. शेवटचाही पहिल्याइतकाच सोपा जात असेल तर वजन कमी आहे. सलग पंधरा सहज झाले की पाव किलो वाढवा आणि पुन्हा आठवर या. वर्षभर तीच अर्ध्या लिटरची बाटली घेऊन पन्नास-पन्नास वेळा हलवत बसणं म्हणजे पुन्हा भाकऱ्या थापण्यासारखंच.

कापूस वेचणी किंवा सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत शेतात जात असाल तर व्यायाम आठवड्याला एकदाच ठेवा, आणि त्यातही ओढण्याचा व्यायाम व खांदे मोकळे करणं यावर भर द्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या बायकांना तर हंगामात हे काही सांगूच नये. मोळ्या उचलणाऱ्या बाईला बाटली कशाला, तिला झोप आणि पोटभर जेवण हवं.

दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, दंड दुखेल. दाबलं की बरं वाटणारं, दोन्ही बाजूंना सारखं दुखणं चालतं. सांध्यात टोचल्यासारखी कळ, एकाच जागी, हात हलवताक्षणी येणारी, किंवा बोटांत मुंग्या, हे चालत नाही. तो व्यायाम बंद, आणि चार-आठ दिवसांत उतार नसेल तर डॉक्टर.

ताटाकडे बघा

स्नायू भरायला प्रथिनं लागतात, आणि आमच्याकडचं गाडं इथे अडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. उतारवयात १ ते १.२ ग्रॅमपर्यंत घ्यावं, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण.

आता खरं ताट. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून १२ ते १४ ग्रॅम मिळतात. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात, वाटीभर दह्यातून पाच, एका अंड्यातून सहा. जमवलं तर जमतं. पण घरची बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा वरणाच्या पातेल्यात वर पाणी आणि तळाशी चार दाणे असतात. भाकरी, ठेचा आणि ते पाणी यावर दंड भरत नाही. स्वतःची घट्ट वरणाची वाटी आधीच काढून झाकून ठेवा. यात स्वार्थी काही नाही.

उपवासांचंही तसंच. श्रावण, नवरात्र, एकादश्या, गुरुवार धरले तर काही घरांत महिन्याचे दहा दिवस साबुदाण्यावर जातात. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. उपवास करा, पण भगर-दाण्याची आमटी, दही, दूध, राजगिरा याकडे वळा. निर्जळी किंवा कडक उपवासाच्या दिवशी व्यायाम ठेवू नका.

किती दिवसांत कळेल

पहिले चार-सहा आठवडे आरशात काही दिसणार नाही. बळ मात्र आधीच वाढलेलं असतं, कारण सुरुवातीला मज्जातंतू असलेल्याच स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात. आकारातला फरक साधारण दोन-तीन महिन्यांनी जाणवतो. तोवर खुणा कामांत शोधा: पाच किलोचा पिठाचा डबा एका दमात ओट्यावर जातो का, बसमध्ये चढताना दांडा धरून अंग वर ओढलं जातं का, खाली बसल्यावर एक हात टेकून उठता येतं का. भरलेला गॅस सिलिंडर उचलून बघायचा मोह टाळा. त्यात गॅसच १४.२ किलो असतो, लोखंडी टाकीचं वजन वेगळं, दोन्ही मिळून तीस किलोच्या घरात जातं.

मधे खंड पडणारच. लगीनसराई येते, लेक बाळंतपणाला येते, व्हायरल तापात आठ दिवस जातात. एखादा आठवडा गेला तर आहे तिथूनच पुढे चालू करा. तीन-चार आठवडे गेले असतील तर वजन निम्मं करून, एका फेरीपासून सुरू करा. गमावलेलं बळ पहिल्यापेक्षा लवकर परत येतं. तापानंतर अशक्तपणा असेपर्यंत नुसतं चालणं आणि अंग मोकळं करणं, भूक नीट लागायला लागली की बाटल्या पुन्हा काढा.